शेवटच्या भागाची दुसरी प्रुफं

१

नोंद ठेवायची मला सवय आहे, म्हणून हेही क्रमाने लिहून ठेवतो.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतल्या चुका छपाईआधी शोधायच्या आणि त्या सापडल्या म्हणून लेखकांची नाराजी ओढवून घ्यायची, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. चष्म्याचा नंबर सोडला तर या काळात माझं काहीही वाढलेलं नाही, असं बायको म्हणते. ती औषधांच्या दुकानात काम करते. "तुमची चूक राहिली तर कुणी मरत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य आहे आणि ते ऐकून मी गप्प बसतो, हेही ठरलेलं आहे.

आमच्या धंद्यात जोडीनं वाचायची जुनी पद्धत आहे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर पेन्सिल टेकवून डोळ्यांनी मागे चालायचं. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा उच्चारतो. ओळ जुळली की ऐकणारा 'हं' म्हणतो आणि वाचणारा पुढे सरकतो. ओळ पुरी होईपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही, हा नियम. मधे बोललं की नेमकी तिथेच चूक निसटते.

ऑफिसातला माझा जोडीदार निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही. मग मी प्रुफं घरी आणू लागलो आणि लेकीला समोर बसवलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती पाच मिनिटं एका जागी टिकली तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावं लागे. पण वाचायला बसली की तास तास हलायची नाही. ती वाचायची, मी 'हं' म्हणायचो. सहा वर्षं रविवारच्या सकाळी अशाच गेल्या. माझ्या आयुष्यात याहून चांगलं काही घडलेलं नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ती वाचायची त्यात एक कादंबरीमाला होती. शाळा-कॉलेजातल्या मुलींनी डोक्यावर घेतलेली. एका साध्या घरातली मुलगी, घरामागे तळं, आणि तळ्याच्या आत कुठलंतरी राज्य. तिथल्या राजपुत्राचं हिच्यावर प्रेम, पण त्याला पाण्याबाहेर यायला मनाई. फक्त हात बाहेर काढता येतो. प्रत्येक भागाच्या शेवटी दोघांची बोटं भिडतात आणि पाणी मिटतं. चार भाग, जवळपास दोन हजार पानं, आणि प्रगती कोपरापर्यंत. मी भिंगरीला चिडवायचो, की या वेगानं त्याचा खांदा दिसेपर्यंत मी सेवानिवृत्त होईन. ती हसायची नाही.

२

पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागाची पहिली प्रुफं आली तेव्हा वाचकांनी प्रकाशनसंस्थेच्या संपादिकाबाईंच्या नाकी नऊ आणले होते. शेवट समाधानाचा हवा, नाहीतर याद राखा, अशी पत्रं. बाईंनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "एकदाचं त्या पोरीला पाण्यात जाऊ द्या, म्हणजे आपण सुटलो."

पहिल्याच प्रकरणात नायिकेच्या स्वयंपाकघराचं वर्णन होतं. त्यात लिहिलं होतं की खिडकीची कडी निळ्या तारेनं बांधलेली आहे, तारेला तीन पीळ आहेत, आणि कुणाच्या हाताला लागू नये म्हणून टोक आत वळवलेलं आहे.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि उठून आमच्या स्वयंपाकघरात गेलो. कडी गेल्या वर्षी तुटली होती. तार मीच बांधली होती. तिचं टोक लागून भिंगरीचं बोट कापलं, तेव्हा ते पकडीनं आत वळवलं होतं. पीळ मोजले. तीन.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ही लेखिका तपशिलाला फार कच्ची. पहिल्या भागात नायिकेच्या हनुवटीखाली व्रण, दुसऱ्यात तो कपाळावर. म्हणून मी एक वही केली. डोळे कसे, व्रण कुठे, चालते कशी, रागावली की काय करते, सगळं एका ठिकाणी. आणि जिथे लेखिकेनं काहीच दिलं नव्हतं, तिथे मी समोर बसलेल्या मुलीकडे बघून भरलं. पेन्सिलीचं मागचं टोक चावते. डावी चप्पल आधी झिजते. रागावली की कपाट आवरायला काढते. माझा हेतू एवढाच, की पुढे घोळ होऊ नये. वहीची एक प्रत दर भागाच्या आधी लेखिकेकडे जायची आणि ती बिनतक्रार ते वापरायची. त्यामुळे नायिका भिंगरीसारखी वागते याचं मला नवल राहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

पण तार वहीत नव्हती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिली. मग स्वतःची समजूत घातली, की कड्या सगळीकडेच तुटतात आणि लोक त्या तारेनंच बांधतात. निळी तार दुकानात ढिगानं मिळते. समजूत बरी होती, त्या दिवसापुरती पुरली.

३

या भागात शेवटी नायिका खरोखरच जाते. तळ्याच्या पायऱ्या उतरते, हात धरते, आणि या वेळी तो सुटत नाही. त्यानंतर अर्ध्या पानाचा मजकूर होता. तिचे वडील मागच्या दाराच्या पायरीवर बसून तिची वाट बघतात. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, केस पांढरे होईपर्यंत. पुस्तक तिथे संपत होतं.

पाचव्या भागाची कच्ची प्रत निवडक आठ मुलींना वाचायला दिली होती. आठही जणी रडल्या आणि आठही जणींनी कळवलं की हे समाधान नव्हे. तिचं सुख वाचताना डोळ्यांसमोर तो म्हातारा येत राहतो.

भिंगरीनं तो मजकूर रविवारी वाचला. शेवटचा पूर्णविराम उच्चारून ती थांबली. मी 'हं' म्हटलं तरी तिनं पान उलटलं नाही.

"बाबा, त्यांचं काय?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

"तिच्या बाबांचं. ते असे बसून राहणार असतील तर ती जाईल कशी?"

"गेली की. छापलंय समोर."

"नाही जाणार," ती म्हणाली. "त्या पायरीवरून त्यांना ओलांडून ती जाऊच शकणार नाही. मी तर नाही गेले."

तिचा चेहरा इतका उतरला होता की मला राहवलं नाही. पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेरगावी जाणार होती आणि त्यावरून आमच्या घरात आधीच दोन-तीनदा डोळे पुसून झाले होते. मला वाटलं, तिला तेच आठवतंय. मुद्रितशोधकानं कथेत नाक खुपसायचं नसतं, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. तरी मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं: 'वडिलांना ती आठवतच नसेल तर? घरात कुणालाच आठवण उरली नाही, तर मागे दुःख राहत नाही.'

भिंगरीनं ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"चालेल तुम्हाला?" तिनं विचारलं.

"मला काय होतंय? माझी सूचना आहे," मी म्हणालो.

संपादिकाबाईंनी दुसऱ्या दिवशी मला चहा पाजला. लेखिकेनं सूचना तशीच्या तशी घेतली होती. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की बघ, आता माझ्यामुळे हजारो मुली सुखानं झोपतील. तिनं टाळी वाजवली आणि मला भाजी चिरायला बसवलं.

४

पंधरा दिवसांनी दुसरी प्रुफं आली. नवा मजकूर असा होता:

'आधी त्याला तिचा आवाज आठवेनासा झाला. मग घरातली एक खोली कशासाठी आहे, ते. मग ताटं मांडताना त्याचा हात दोनवर थांबू लागला. दुःख असं कुठेच झालं नाही.'

चांगलं लिहिलं होतं. मी एकही खूण केली नाही.

त्याच आठवड्यात संपादिकाबाईंनी सहज विचारलं, "मुलगी कितवीला तुमची?" आणि मला सांगता येईना. मी मनात वर्षं मोजली, अकरा अधिक सहा, आणि मग उत्तर दिलं. त्या हसल्या. वय झालं म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

मग एका दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि बायकोनं दोनच ताटं मांडली. माझं आणि तिचं. भिंगरी दारात उभी होती. तिनं फळीवरून स्वतःचं ताट काढलं, वाढून घेतलं आणि बसली. तिनं जराही आश्चर्य दाखवलं नाही, याचीच मला भीती वाटली. ही पहिली वेळ नव्हती, एवढं तिच्या हाताच्या सवयीवरून कळत होतं.

"अगं, माझं डोकं कुठे असतं हल्ली," बायको म्हणाली.

"असू दे आई," भिंगरी म्हणाली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रुफं त्या दिवसांत तिच्याच टेबलावर असायची. परत आली की पानांचे कोपरे ओलसर आणि वाकडे झालेले. प्रुफांजवळ पाण्याचा पेला ठेवू नकोस, म्हणून मी तिला दोनदा बोललो. तिनं 'बरं' म्हटलं. पेला मला तिच्या खोलीत कधी दिसला मात्र नाही.

रविवारी मी पेन्सिली आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर तिच्या खोलीतून वाचनाचा आवाज येत होता. दार लोटलेलं होतं. ती शेवटचं प्रकरण वाचत होती, विरामचिन्हांसकट, आणि प्रत्येक ओळीनंतर कुणीतरी 'हं' म्हणत होतं.

मैत्रीण फोनवर असेल, असं मी ठरवलं. तिचा फोन माझ्यासमोर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. मग ठरवलं, की तीच वाचते आणि तीच हुंकार देते, माझी नक्कल करते. मी भिंतीला टेकून पाच ओळी ऐकल्या. पाचव्या ओळीच्या शेवटी ती 'पूर्णविराम' म्हणत होती आणि तिचा शब्द संपायच्या आधीच 'हं' आला. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले. एका तोंडातून हे होत नाही.

मी तिला मोठ्यानं हाक मारली. "आले बाबा," म्हणत ती लगेच बाहेर आली. खोलीत कुणी नव्हतं. मी कपाटसुद्धा उघडून पाहिलं आणि तिनं मला पाहू दिलं.

५

सोमवारी मी संपादिकाबाईंकडून लेखिकेचा नंबर काढला. त्यांनी आढेवेढे घेतले, कारण लेखिका कुणाला भेटत नाही आणि फोनही घेत नाही. माझा पहिल्याच घंटेला घेतला. आवाज कुठल्याही कचेरीत खिडकीपलीकडे बसणाऱ्या बाईसारखा, कामापुरता.

"तुम्ही वहीवाले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, आधीच कराल फोन."

मी थेट तारेचं विचारलं.

"ते तुमच्या मुलीनं कळवलं. तिची पत्रं येतात मला. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही?"

मी खरंच मोठ्यानं हसलो. इतकं हलकं वाटलं की खुर्चीत बसलो. पत्रं! वेडी पोर लेखिकेला पत्रं लिहीत होती आणि त्यातून आमची कडी पुस्तकात गेली. एवढ्याशा गोष्टीनं मी कित्येक आठवडे जिवाला घोर लावून घेतला होता.

"तरीच," मी म्हणालो. "म्हणजे तुम्ही तिलाच नायिका केलंत."

"मी कुठे केलं? वहीत दुसरं कोण होतं?"

मग मी विचारलं, की शेवट बदलता येईल का. म्हणजे ती गेलीच नाही तर?

"चार भाग मी तेच केलं," त्या म्हणाल्या. "दरवेळी काहीतरी काढून हात सोडवला. वाचणाऱ्यांना वाटतं, मला ताणायची हौस आहे. पण आता तो कोपराच्या वर यायला लागलाय. मी लिहिलं नाही तरी."

"तुम्ही चेष्टा करताय."

"नाही हो. आणि तिलाही जायचंय, तिची पत्रं आहेत माझ्याकडे. तुम्हा दोघांना मागे ठेवून जाववत नव्हतं, तेवढीच अडचण होती." मग कौतुकानं म्हणाल्या, "तुमची सूचना फार उपयोगी पडली."

फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात बराच वेळ उभा होतो. येणारे-जाणारे बाजूनं वाट काढत होते. मी माझ्या हातानं समासात ते लिहिलं होतं, शहाणपणा करून, पेन्सिलीला टोक काढून.

६

आमच्याकडे एक रीत आहे. शेवटच्या पानाखाली 'छपाईला हरकत नाही' असं लिहून मी सही केल्याशिवाय पुस्तक यंत्रावर चढत नाही. सही अजून झालेली नव्हती. मी घरी आलो, तिच्या टेबलावरून शेवटचं पान घेतलं आणि विसरण्याचा तो सगळा मजकूर रेघ मारून काढून टाकला. समासात लिहिलं: 'वडिलांना सगळं आठवतं. पायरीवर बसू द्यावं.'

भिंगरी संध्याकाळी आली आणि पान बघून उभी राहिली.

"काढलंत?"

"काढलं."

"का बाबा? तुम्ही रडाल."

"रडेन. तुझी आई माझ्याहून जास्त रडेल. तुला जायचंच असेल तर मी तुला बांधून ठेवणार नाही. पण ते रडणं आमचं आहे. तू मला हवी आहेस, आणि नसलीस तर तुझी आठवण हवी आहे. तेवढं नेऊ नकोस."

असं मी कधी कुणाशी बोललेलो नाही. तिनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. केस ओले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओलं का, ते विचारलं नाही. मला वाटलं, आपण जिंकलो.

हे काल झालं; आधीची पाच प्रकरणं मी रात्रीच लिहून ठेवली होती. आज मी अर्धा दिवस रजा टाकून दुपारी घरी आलो. बायको दुकानात होती. भिंगरीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती वाचत होती. शेवटचं पान.

मी दारात जाऊन उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे होती. वाचता वाचता ती मी काढलेल्या ओळींच्या खाली टिंबं देत होती. खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की तो तसाच ठेवायचा, अशी आमची खूण आहे. तिला मीच शिकवली होती. उजव्या हातात पेन्सिल होती, डावा हात हनुवटीखाली होता. आणि पान हलू नये म्हणून कोपऱ्यावर एक हात दाबून धरलेला होता.

मी हात पुन्हा मोजले. तो हात टेबलाच्या पलीकडून आला होता. पलीकडे भिंत आहे. खांद्यापर्यंत दिसत होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

मी ओरडायला हवं होतं. तिला खांद्याला धरून मागे ओढायला हवं होतं, चार पावलांचं अंतर होतं. पण ती ओळीच्या मधे होती. मी खोटं लिहीत नाही. ती ओळीच्या मधे होती आणि मी ओळ पुरी व्हायची वाट बघितली. सव्वीस वर्षांच्या सवयीनं माझे पाय उंबऱ्यावर थांबले. तिनं पूर्णविराम उच्चारला.

"हं," कुणीतरी म्हणालं. मी नाही.

त्यानंतर खोलीत खुर्ची होती, टेबल होतं, टेबलावर ओलं पान होतं. पाणी फरशीवर टपकत होतं. मी दारात उभा होतो आणि इथे कशाला आलो होतो, ते मला आठवेना. आठवलं तसा धावत वही घ्यायला गेलो. म्हणून हे अक्षर असं वेडंवाकडं आहे. सतरा वर्षांची आहे. हनुवटीखाली व्रण. आवाज कसा होता ते लिहायचं होतं, पण ते आधी

७

हा सातवा भाग मी आज जोडतोय, आठ महिन्यांनी.

संपादिकाबाईंनी जुन्या कामाच्या वह्या मागितल्या, त्या काढताना ही पानं निघाली. अक्षर माझंच आहे. मी कथा कधी लिहायला घेतली ते स्मरत नाही, पण आमच्या धंद्यातला प्रत्येक जण चोरून काहीतरी लिहीत असतो, त्यामुळे फार नवल वाटलं नाही. लाज मात्र थोडी वाटली.

सवयीप्रमाणे तपासून पाहिली. तपशील बहुतेक बरोबर आहेत. ऑफिस, बायकोचं दुकान, सूचना, लेखिकेशी झालेला फोन, हे सगळं घडलेलं आहे. मुलगी तेवढी कल्पनेतली आहे. आम्हाला मूल नाही. त्याचं आम्ही कधी फार मनाला लावून घेतलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीत मी प्रुफांचे गठ्ठे ठेवतो.

टिंबं दिलेला मजकूर तसाच ठेवून मी सही केली, पाचवा भाग वेळेवर निघाला आणि तडाख्यानं खपला. मुलींची पत्रं अजून येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, की इतका समाधानाचा शेवट त्यांनी वाचला नव्हता. एकीनं मला उद्देशून लिहिलं होतं, की वडिलांचं ते सुचवणारे तुम्ही आहात असं कळलं, तुमचे आभार. ते पत्र मी जपून ठेवलंय.

घरी वाचायला मला जोडीदार लागतोच, म्हणून हल्ली रविवारी बायको बसते. तिला विरामचिन्हांचा कंटाळा येतो, पण बसते. आज मी ही सहा प्रकरणं तिला वाचून दाखवली. वाचताना मला वाईट वाटलं. कुणाच्याही लिखाणात बाप आला की वाटतं तसं. ती ऐकत राहिली. एकदाही तिनं 'हं' म्हटलं नाही, तरी मी पुढे वाचत गेलो.

शेवटचं वाक्य अर्धवट आहे. तिथे मी थांबलो आणि म्हणालो, "पुढे काही नाही. शेवट मला सुचला नसावा."

"अहो," ती म्हणाली, "ही मुलगी नंतर सुखात असते का?"

"या पानांत नाही लिहिलेलं. पण पाचव्या भागात तसं स्पष्ट आहे. दोनदा तपासलंय मी."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ती म्हणाली. पण उठली नाही. चहा केव्हाच निवला होता. मी पानं नीट लावली, वही मिटली, चष्मा काढून पुसला.

"तिकडे तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारत असेल ना?" तिनं विचारलं.

मी आतून पाचवा भाग आणला आणि शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा पाहिलं. त्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.